निळ्या फेट्याचा गडी

न्हाई रं दस्तगीर, केबल काढायची तर काढ की, म्या कुटं आडवलंय — पर पडद्यावर ह्ये जे दिसतंय ते तुज्या केबलमधनं येत न्हाई. गेम हाय ह्यो. आमचा जयराज दिवाळीच्या सुट्टीला आला तवा आणलाय, ह्यो काळा डबा बग. फौजेतला गडी, सुट्टीत बी तलवारीच हाणत बसायचा. मला म्हणला, आये, तू बी शीक, मी गेल्यावर तुला करमायचं न्हाई. मला हसू आलं. पन्नाशी उलाटली माजी, खुरप्याबिगर कवा काय हातात धरलं न्हाई. पर शिकली बग. निळ्या फेट्याचा त्यो आपला गडी, त्याला घाट चडवून गडावर पोचवायचा.

काय म्हणलास? सगळ्या गावाची लाईन गेलीया? मग शेजारी बातम्या कशा लागल्यात, हितं आयकू येतंय की. बरं ऱ्हाऊ दे. मालक बी सकाळीच माजा फोन घिऊन वडूजला गेलं, रिचार्ज संपलंय म्हणं — परवाच मारलंय रिचार्ज. आन सुलाबाई सात भाकरी ठिऊन गेली, जास्तीच्या झाल्या म्हणून. सात भाकरी कुणाच्या जास्तीच्या हुत्यात व्हय?

बस जरा. तुला सांगती, ह्या खेळात मला काय ग्वाड लागतं — दुश्मन म्होरनं येतो. येतो, उभा ऱ्हातो, तलवार काढतो, डोळ्यात बगतो. मग सगळं हळू हुतं, शिनेमात दावत्यात तसं, झाडाचं पान खाली येताना बी दिसतं. आपल्याला येळ मिळतो रं. वाचवायला येळ मिळतो. जयराज म्हणायचा, तिकडं कुटनं काय येतंय ते दिसत बी न्हाई. म्हणून मी रोज खेळती. आन — हसू नगंस, कुणाला सांगितलं न्हाई, मालकास्नी बी न्हाई — म्या मनात धरलंय, हितं ह्यो उभा तवर तिकडं त्यो उभा. पाच म्हयनं पडू दिला न्हाई त्याला. आवघड जागा आली की बंद करायची, दुसऱ्या दिशी ताज्या हातानं बसायचं.

मावशी मावशी करू नगंस, आयक. सुलाबाईचा फौजेतला पोरगा गेला तवा तिला कळू ने म्हणून तुला फोन कुणी केलता? म्याच केलता. तिचा मोबाईल माज्या पदराखाली हुता. तू आलास आन तिला बी आसंच म्हणलास, गावाची लाईन गेलीया. मिलिटरीची गाडी यीस्तवर दोन दिस आमी तिला काय बी कळू दिलं न्हाई, मीच भाकरी करून घालत हुती — आन आज ती आली ती माज्या तोंडाकडं न बगताच गेली. मी लय भ्यालीया, दस्तगीर.

काल पडला ह्यो. दुपारी चारला. भाईर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला, म्या मान वळिवली, तेवढ्यात. बग की, तवापास्नं तसाच पडलाय. उठवायचं बटन हाय, जयराजनं शिकिवलंय, हे दाबलं की उठतो — दाबायला बोट हुईना. दाबलं आन ह्यो उटला, आन तिकडं — न्हाई. तू मला येवढंच सांग. काय झालं ते नगं सांगू, कितीला झालं तेवढं सांग. चारच्या आदी का चारच्या मागनं? आदी आसंल तर माज्या हातनं न्हाई झालं. सांग की. तुला ठाव हाय. तुला कळल्याबिगर मालकांनी धाडला न्हाई.

वर बग दस्तगीर.

नगं. नगं सांगू. वायर गुंडाळ आन तू जा.