बावीस टक्के

(वालीव. मेणबत्त्यांच्या कारखान्याचा गाळा. संध्याकाळचे सव्वापाच.)

ऑस्टिन : बावीस टक्के नफा, आत्या. या धंद्यात बाकीच्यांना दहा-बारा सुटतात. कारखाना घेणाऱ्याचा सीए विचारतो, तुम्हालाच दुप्पट कसे?

मार्गारेट : तुझ्या डॅडीला विचार म्हणावं. कारखाना त्याचा, विकतोय तो.

ऑस्टिन : डॅडी म्हणाले, ते मार्गीला ठाऊक. आधी तर त्या सीएला वाटलं, आपण मेणात काहीतरी मिसळतो.

मार्गारेट : मिसळते ना. ऑल सोल्सला लोक थडग्यांवर मेणबत्त्या लावतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी फादरना विचारून कब्रस्तानात जाते. गोणी आणि सुरी घेऊन. थडग्यांवर थिजलेलं मेण खरवडून आणते. आईच्या थडग्यावरचंसुद्धा. वितळवून गाळलं की फुकटचा माल. लिही.

ऑस्टिन : त्याने फार तर अर्धा टक्का वाढेल. बाकीचे?

मार्गारेट : बाकीची मी.

ऑस्टिन : म्हणजे?

मार्गारेट : आठला कुलूप मी काढते. भट्टी मी बघते, चर्चच्या ऑर्डरी मी घेते. साडेपाचला सुनंदा आणि बायका गेल्या की साचे पुसायला मीच. सुनंदाचा पगार आहे तुझ्या कागदावर. माझा दाखव.

ऑस्टिन : तू घरची ना. परकं मानलं का तुला कधी?

मार्गारेट : मानलं असतं तर पगार मिळाला असता.

ऑस्टिन : तू मागितलाच नाहीस.

मार्गारेट : तू तीन महिन्यांचा होतास. तुझा डॅडी सेबेस्टियन म्हणाला, धंदा रुळावर आला की तुझा पगार लावतो. मग तुझं इंजिनियरिंग झालं, लग्न झालं, दारात दोन गाड्या आल्या. धंदा अजून रुळावर यायचाय वाटतं.

ऑस्टिन : सीएने शेवटी तेच पकडलं. तुझ्या जागी माणूस ठेवायचा तर महिना तीस हजार. ते वजा केले की आपलेही दहाच टक्के उरतात. किंमत अठरा लाखांनी खाली येते.

मार्गारेट : तीस हजार म्हणाला?

ऑस्टिन : हो. म्हणून डॅडींनी हे पत्र टाइप करून दिलंय. तीन वर्षं तू नव्या मालकाकडे बिनपगारी... म्हणजे आत्तासारखीच काम करशील. खाली सही कर फक्त.

मार्गारेट : पत्र ठेव बाजूला. तीस हजार लिहिलेला कागद कुठाय?

ऑस्टिन : हा. पण तो सीएचा आहे.

मार्गारेट : माझ्याकडे राहू दे. एकतीस वर्षं भावाने लिहिलं नाही ते त्या परक्याने लिहिलंय.

ऑस्टिन : आत्या, डॅडी बाहेर गाडीत थांबलेत.

मार्गारेट : थांबू दे. सुनंदा, किती वाजले ग?

सुनंदा : साडेपाच, बाई. आम्ही निघतो.

ऑस्टिन : मग सहीचं काय?

मार्गारेट : सुनंदा, जरा थांब. आज साचे राहू देत. रिक्षात माझीही जागा धर.