दोन जुने ॲम्प्लिफायर

काकतीजवळ आमची बस थांबून राहिली, तेव्हा पुढच्या बाकावरील वृद्ध दांपत्याचे बोलणे मला स्पष्ट ऐकू आले. होम थिएटरचा रिसीव्हर घेण्यासाठी दोघे निपाणीहून बेळगावला निघाले होते.

"तारामती, रिसीव्हर स्वस्तातला घेऊ, पण मागं प्री-आउट पाहिजेच."

"ते आणि काय?"

"वायर जोडायची भोकं गं. तिथनं आवाज माझ्या दोन ॲम्प्लिफायरांकडं जातोय. ती नसली तर ॲम्प्लिफायर भंगारात."

"कॉलेजात जोडलेले ते? मला बघायला आलतासा, तवा बी त्यांचंच कौतुक सांगत हुतासा."

"तरी व्हय म्हणालीस."

"मला वाटलं, कारखाना हाय तुमचा."

"दुकानदार फोनवर म्हणत हुता, सगळ्यात स्वस्त रिसीव्हरला प्री-आउट न्हाय. दुसऱ्याची किंमत लई हाय."

"मग स्वस्तच घ्या. तसंबी तुमचे ॲम्प्लिफायर लई तापत्यात."

"बरं. देतो भंगारात."

"थांबा. मग थंडीत माझं दही कुठं लागायचं?"

"म्हंजे? दह्याचं पातेलं तू ॲम्प्लिफायरवर ठेवतीस?"

"उबेला चांगलं लागतंय."

"अगं, ॲम्प्लिफायरच्या वरच्या जाळीवर पांढरे डाग दिसले की मी पालीला शिव्या घालत हुतो!"

"पाल उलट बोलत न्हाय, म्हणून बरं."

"तारामती, जाळी झाकली तर आतलं सगळं जळंल—"

"अवो, किंमत असू दे. भोकं असलेलाच घ्या. पण पातेल्याचं परत काढायचं न्हाय."

"न्हाय काढत."