चपला काढून बसायची फियाट

खरं सांगू का, मी आयुष्यात एकाच गाडीवर जळलो. सिल्वासाला आमच्या शेजारच्या बर्व्यांची फियाट. त्यांच्या वडिलांनी घेतलेली, वीस वर्षांची, पण अंगावर एक ओरखडा नाही. आत बसायचं तर चपला काढून डिकीत ठेवायच्या, हा घरचा नियम. आमची ही रोज ऐकवायची, "बघा, वस्तू अशी जपतात!" मी आपला माझ्या स्कूटरकडे बघायचो.

एकदा मे महिन्यात नरोलीला लग्न होतं. बर्वे हिला म्हणाले, "वहिनी, तुम्ही चला आमच्याबरोबर गाडीत." गाडीत बर्वे, त्यांची बायको, मुलगा आणि ही; मी स्कूटरवर मागून. गाडी निघाली आणि बघतो तर काय, घाईघाईत चौघांच्याही चपला फाटकाशीच राहिलेल्या! मी थांबलो. म्हटलं, कळू दे जरा फियाटचं सुख. आणि तसाच निघालो.

मांडवाबाहेर तापलेल्या खडीवर चौघं नाचत होते. मी तोंड पाडून म्हणालो, "अरेरे, चपला राहिल्या वाटतं!"

जेवणं झाल्यावर हिनं मला बाजूला घेतलं. "मागच्या काचेतून बघत होते मी. फाटकाशी थांबलात, खाली बघितलंत आणि निघालात. काय बघितलंत ते इथे उतरल्यावर कळलं. काढा तुमच्या."

माझ्या चपला घालून ती ऐटीत फियाटपर्यंत गेली आणि आठवणीनं त्या डिकीत ठेवून आत बसली.

भर उन्हात स्कूटरला अनवाणी किक मारलीय कधी? मी सात मारल्या.