मागच्या वर्षीचं लॉन

वॉर्डाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते. भेटीची वेळ अजून व्हायची होती.

“ताई, आत गेलो की बाबा आधी लॉनचंच विचारणार.”

“हिरवंगार आहे म्हणायचं.”

“सगळं जळून गेलंय गं. पाय ठेवला तरी चुरचुर वाजतं.”

“ऑपरेशन होईपर्यंत त्यांना धक्का बसता कामा नये, डॉक्टरांनी बजावलंय. लॉनचं सांगायचं नाही आणि आई गेल्याचंही नाही. तिचे गुडघे दुखतात, म्हणून येत नाही, एवढंच.”

“काल फोटोच मागत बसले. शेवटी पाठवला एक, मागच्या वर्षीचा.”

“मग?”

“खूश झाले. म्हणाले, कडेनं पिवळं पडतंय. गवत फार खाली कापू नका, मुळांना सावली राहू दे.”

“अंथरुणातूनही तेच! आईच्या मागे हाच धोशा होता. भांड्यांचं पाणी घाल, कपड्यांचं पाणी घाल, पण गवत जगव. आणि नळाला पाणी यायचं भर दुपारी. ती बिचारी बादल्या वाहता वाहता तिथंच...”

“ताई, हळू बोल.”

“तू का रडतोयस? फोटो पाठवलास, बरंच केलंस.”

“त्यात आईपण आहे गं. कोपऱ्यात, बादली घेऊन उभी. पाठवल्यावर दिसलं मला.”

“अरे देवा! ओळखलं त्यांनी?”

“ओळखलं ना.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, तिला आधी घरात घे. ऊन लागेल.”