निगडी ते चाकण, थेट लाइन

तुम्ही ट्रॅफिकला शिव्या देताय म्हणून आठवलं राव. आमचं काम कंपन्यांना इंटरनेट जोडून द्यायचं. एका मालकांचं ऑफिस निगडीत आणि कारखाना चाकणला. दर मीटिंगला चाकणची माणसं तळवड्याच्या चौकात अडकायची आणि इकडे मालकांचा पारा चढायचा. शेवटी त्यांनी दोन्ही जागा जोडणारी खास लाइन टाकायला आम्हाला सांगितलं.

"आता कुणी रस्त्यावर यायचं नाही. जो तो आपल्या जागेवर बसून बोलेल," मालक म्हणाले.

खोदाईची परवानगी मिळेपर्यंत आमचा जीव मेटाकुटीला आला, पण लाइन सुरू झाली. उद्घाटनाला निगडीच्या ऑफिसात मालकांनी नारळ फोडला आणि मी भिंतीवरचा स्क्रीन लावला. चाकणची मीटिंग रूम लख्ख दिसली. लांबलचक टेबल, रांगेनं खुर्च्या, पण माणूस एकही नाही.

"चित्र अडकलं का हो?" मालकांनी विचारलं. मी घाईघाईनं वायरी तपासायला लागलो.

तेवढ्यात मागून चाकणचे मॅनेजर हळूच म्हणाले, "साहेब, आम्ही सगळे इथंच आहोत. उद्घाटनाला तुम्हीच बोलावलंत ना? आत्ताच पोचलो, चौकात अडकलो होतो."

मालक काही बोलणार, तोच तिकडचे वॉचमन मामा स्क्रीनवर डोकावले. "साहेब, हितं कुनीच न्हाई. समदी तिकडंच गेल्यात."

मालकांचा चेहरा एकदम खुलला. "वा! काय स्पष्ट आवाज येतोय! मामा, तुम्हीपण या की इकडं, पेढे घ्यायला!"