एका पंखाचा कोंबडा

— नाही म्हटलं ना दादा, तो विकायचा नाही. त्या दोन कोंबड्या बघा, हा तांबडा बघा, पण पांढऱ्याला हात लावू नका — तो वाघदेवाचा आहे, नवसाचा. मग मोखाड्याच्या बाजारात कशाला आणला म्हणता? घरी कुणाच्या भरवशावर ठेवू? त्याला उडता येत नाही, मुंगूस नेईल. हा डावा पंख बघा — आहे का काही त्यात? नुसती कातडी. आणि उजवा बघा, कसा भरलेला. चालतो तोसुद्धा एका अंगावर कलून, ताडी प्यायल्यासारखा. साहेबलोकांनी केलं हे. आता हसू नका, माझा पोरगा अडकलाय त्याच्यात.

जव्हारला साहेबांचा फुलांचा खेळ झाला, ऐकलं नाही तुम्ही? चार देशांचे साहेब आले होते — एक विलायतेचा, एक दमणचा फिरंगी, एक जर्मन पाद्री, आणि एक कुठला ते त्याचं त्यालाच सांगता येईना. साऱ्या दुनियेत पहिला कोण ते जव्हारच्या माळावर ठरणार म्हणे. दुनिया म्हणजे ही चौघं. मधे मासे धरायचं जाळं बांधायचं, मासा नाही की पाणी नाही, आणि जाळीच्या पळीनं पिसांचं फूल इकडून तिकडं हाणायचं. तर झालं काय, त्यांची फुलांची पेटी नदीत भिजली. मग शिपाई सुटले पाड्यापाड्यानं, पांढरे कोंबडे धरत. आमच्या दारात येऊन ह्याचा एकच पंख उपटला — म्हटलं बाबा, दोन्हीकडचा थोडा थोडा घे, त्याचा तोल तरी राहील. तर म्हणे नाही, फुलाला एकाच बाजूची पिसं लागतात, नाहीतर ते वाकडं उडतं. फूल सरळ उडावं म्हणून माझा कोंबडा वाकडा.

बरं, कोंबड्याचं जाऊ द्या. माझ्या मंगळूला — थोरला माझा — पडलेलं फूल उचलून द्यायला उभा केला. आणि आम्हाला सगळ्यांना बसवलं रांगेनं, बघायला माणसं हवीत ना. आदल्या दिवशी शिपायानं बजावलं, साहेबांपुढं ताठ राहायचं नाही, लव म्हटलं की लवायचं. आमचं काय जातंय? जन्मभर तेच करतो. तर मुंबईचा एक कारकून मचाणावर चढून बसला, शेत राखायला बसतात तसा, आणि ओरडला — लव ऑल. शिपाई म्हणाला, ऑल म्हणजे सगळे. लवले की सगळे. सगळा माळ लवला, म्हाताऱ्यासुद्धा लवल्या, कंबर धरून. साहेब खूश झाले, टोप्या काढल्या त्यांनी. मग फिरंग्यानं हाणलं, फूल पडलं, कारकून ओरडला, वन लव — लवलो. टू लव — लवलो. थ्री लव. माझी कंबर गेली दादा, पण थांबणार कोण?

आता तो विलायतेचा, हिक्सनसाहेब, गाजरासारखा लाल व्हायला लागला. हरत होता बिचारा. एकदा म्हणून त्याला जमेना. आणि आम्ही आपले दर वेळी लवतोय. शेवटी पळी फेकली त्यानं, मंगळूचं बखोट धरलं, म्हणाला हा माझी टिंगल करतो. झालं, नेला कोठडीत. साहेब म्हणेल तेव्हाच सुटेल म्हणतात. मी चावडीवर सांगितलं, कारभाऱ्यांच्या पाया पडून सांगितलं — माझ्या पोराला इंग्रजी काय कळतंय? लव म्हणाले, तो लवला. त्याला काय ठाऊक लव म्हणजे भोपळा? भगत म्हणतो, वाघदेवाला पांढरा कोंबडा दे, मग पोरगा सुटेल. पण देवाला अंगानं पुरा लागतो. आता पिसं फुटेपर्यंत देव अडला, देवापायी साहेब अडला, आणि माझं पोरगं तिथं नाचणीची कोरडी भाकर खातंय. 

भोपळा म्हणजे? अहो, शून्य. काहीच नाही. हरणाऱ्याच्या नावावर तेवढंच. ते मंगळूनंच सांगितलं ना मला — कारकुनाला पाणी द्यायला गेला तेव्हा विचारून आला, आणि मग रांगेतून सांगत फिरला, लव म्हणजे साहेबाच्या हाती भोपळा. त्यानंतर तर काय लवला तो, नाक मातीला टेकवून, आणि आम्ही सगळी पदरात तोंड घालून —

हं. काय बोलले मी.

नाही, म्हणजे त्याला ठाऊक नव्हतं. मी आपलं उगाच. उन्हानं डोकं फिरतं. आणि तुम्ही कोण म्हणालात? साहेबाच्या तंबूत? खानसामा? कुठल्या साहेबाच्या?

आई गं. हिक्सनच्या.

घ्या दादा. हा घ्या पांढरा, राहू द्या पैसे, न्या. वाघदेवाला दोन पंख लागतात, तुमच्या साहेबाला तंगडीशी मतलब. मी त्याच्याच नावानं सोडला समजा. फक्त मघाचं ते — तुम्ही ऐकलं नाही, मी बोलले नाही. एकुलता कमावता आहे माझा. धरा ना. आणि हसताय कशाला? माझा जीव चाललाय आणि तुम्ही... काय?

तुम्हीपण लवत होतात?

साहेबाच्या खुर्चीमागं उभं राहून? टू लवपासून? आणि भोपळा कळल्यावरसुद्धा? मग मघाशी मला कशाला विचारलंत?

असं आहे होय.

आणा इकडं तो कोंबडा. आणा म्हणते. देवाचा आहे तो, कुणीही यावं आणि काखेत मारावं, असा नाही. आणि नीट ऐका — आज जेवताना साहेबाला सांगा, पोरगा अडाणी आहे, सोडा त्याला. तुमच्या हातचं खातो ना तो, मग तुमचं ऐकेलही. उद्या मंगळू घरी आला नाही, तर मी तंबूपाशी येईन, आणि खुर्चीमागं कोण लवत होतं ते मला आठवेल.

तांबडा नेताय ना? न्या. त्याचे पैसे मात्र ठेवून जा.

चला, व्हा पुढं, मागं गिऱ्हाईक उभं आहे.