लाळ्या आणि अर्धी पेरणी

नवा मध्यप्रदेश होऊन वर्षही झालं नव्हतं. नदीकाठी जैनाबादच्या नावेची वाट बघता बघता कुसुम मास्तरणीचे कान मागच्या बोलण्याकडे लागले. बहादरपूरच्या दोघी बोलत होत्या.

"गोदाबाई, भोपाळचा सायेब आला होता म्हने?"

"आला ना, मालू. जनावरांचा कोनता रोग मोठा, कोनता किरकोळ, ते कायद्यासाठी ठरवाचं होतं त्याले."

"मंग?"

"आपल्या गड्यांनी बैल धुतले, शिंगं रंगवली, अन् धडधाकट तेवढे पुढे उभे केले!"

"अगं माय! सायेब काय सोयरीक पाहाले आला होता?"

"तो म्हने, लाळ्यानं बैल मरत नाही. किरकोळच रोग."

"अन् तू गप बसली?"

"मी त्याले वावरात नेलं. आमचे बैल लाळ गाळत पडलेले, पेरनी अर्धी. मी अन् सून तिफनीले जुंपलो. म्हनलं, पाहा."

"हाय राम! मंग?"

"कोट काढला त्यानं. सुनेच्या जागी जू खांद्यावर घेतलं. थोडं ओढलं अन् मटकन बसला. म्हने, बाई, मोठाच रोग लिहितो."

"जिंकली तू!"

"मी म्हनलं, सायेब, लिहा नंतर. आधी पेरनीचं हे तास तर पुरं करा!"